बोहरी आळीतले साहित्य आणि घरच्या घरी केलेली रंगरंगोटी : एक परीक्षण

घराच्या खोल्या थोडक्या खर्चात उजळून घ्यायच्या असतील, तर पुणेकरासमोर आज तीन वाटा आहेत. रंग कंपन्यांच्या घरपोच सेवेला बोलावून भिंती मोजून घ्याव्यात आणि अंदाजपत्रक पाहून बेत पुढच्या दिवाळीवर ढकलावा, ही पहिली. संकेतस्थळावरून चिकटवायचे कागद, फोमच्या विटा आणि दिव्यांच्या माळा मागवाव्यात, ही दुसरी. आणि रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून ब्रश, पुट्टी ओढायचा पत्रा, पॉलिश पेपर, कड्या-कोयंडे आणून सुट्टीच्या दिवशी स्वतः बाह्या सरसावाव्यात, ही तिसरी. आमच्या पंचवीसेक वर्षे जुन्या सदनिकेत दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेने जे काही केले, त्यातले काय टिकले आणि काय उतरले, त्याचा लेखाजोखा येथे मांडत आहे. कसोटी एवढीच लावली आहे की वस्तूने एक अख्खा पावसाळा आणि स्वयंपाकघरातली वर्षभराची फोडणी सोसली पाहिजे. या कसोटीवर पाहता, जे साहित्य भिंतीचा किंवा लाकडाचा दोष दुरुस्त करते त्याचे पैसे वसूल झाले, आणि जे दोष नुसता झाकते ते बहुतेक सारे कचऱ्यात गेले.

आधी आळीविषयी. लक्ष्मी रस्त्यापासून ती चालत जाण्यासारखी आहे आणि तिच्यात वाहन घालण्याचा विचारही करू नये. पूर्वी मंडईच्या वाहनतळावर जागा मिळवण्यातच सकाळ सरत असे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून जाण्याची तरी कटकट मिटली आहे. परतताना हातात पुट्टीची पिशवी आणि रंगाचा डबा असेल, तर मात्र रिक्षाला पर्याय नाही. येथे बोहरा कुटुंबांची पिढीजात दुकाने आहेत. दर्शनी भाग जेमतेम, पण आत पोटमाळ्यापर्यंत बिजागऱ्या, कुलपे, चाके, दोरखंड, जाळ्या, करवती आणि ब्रश खच्चून भरलेले असतात. ‘खोली जरा सजवायची आहे’ असे मोघम सांगणाऱ्याच्या हाती येथे काही लागत नाही. कोणत्या कामासाठी, कोणत्या मापाचे आणि किती नग, हे सांगता आले की मग समोरचा माणूस आपल्या कामात रस घेऊ लागतो.

स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या मुठी बदलायच्या होत्या तेव्हाचा अनुभव यासाठी सांगण्याजोगा आहे. मी मोबाइलवरचे छायाचित्र पुढे केले, ते न पाहताच दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी विचारले, “माप आणलंय का? दोन भोकांमधलं?” माप सुदैवाने लिहून नेले होते. या मुठी साधारणपणे ९६, १२८ किंवा १६० मिलिमीटर अंतराच्या मिळतात आणि जुन्या भोकांशी ते अंतर जुळले नाही, तर जुनी भोके बुजवून नवी पाडावी लागतात, म्हणजे पंधरा मिनिटांचे काम रविवारभर पुरते. त्यांनी पोलादी पट्टी ठेवून माझ्यासमोर एक मूठ मोजली, मग “दाराची जाडी किती?” असे विचारून पाकिटातले आखूड स्क्रू काढून घेतले आणि लांब स्क्रू मोजून घातले, वर दोन जास्तीचे दिले. त्याच घडणीच्या मुठीसाठी मोठ्या शोरूममध्ये जवळजवळ दुप्पट दर सांगितला होता. पण फरक केवळ किमतीचा नाही, कारण शोरूममधल्या विक्रेत्याने स्क्रूच्या लांबीचा विषयही काढला नव्हता. एवढ्या एका बदलाने जुन्या लॅमिनेटची कपाटे डोळ्यांना नवी वाटू लागली. घराला ताजेपणा आणणाऱ्या सगळ्या उपायांत कमी श्रमाचा आणि भरवशाचा उपाय म्हणून मी मुठींना पहिला क्रमांक देईन.

आता रंगाकडे वळतो, कारण खरी मेहनत आणि खरा पैसा तेथेच लागतो. भिंत रंगवण्याआधी तिला ओल आहे की नाही, हे पाहणे टाळू नये. जाड प्लास्टिकचा फूटभर तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमले, तर पाणी भिंतीतून येत आहे असे समजावे. बाहेरच्या बाजूला जमले, तर दोष खोलीतल्या दमट हवेचा. आतून ओल असलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग चढवला, तरी पुढच्या श्रावणात पोपडे धरणारच, आणि बाजारात मिळणारी ओलरोधक रसायने आतून लावून बाहेरची चीर बुजत नाही. याच कारणाने दिवाळीच्या तोंडावर घराला रंग देण्याचा आपल्याकडचा रिवाज मला पटत नाही. चार महिने पाणी प्यालेली भिंत तेव्हा अजून पुरती वाळलेली नसते, आणि रंगारीही जागेवर सापडत नाहीत. फेब्रुवारी-मार्च हे दोन महिने या कामाला उत्तम.

जुना रंग खरवडताना एक खबरदारी अत्यावश्यक आहे. घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर आपल्याकडे दशलक्षात ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्याआधी रंगवलेल्या दारे, खिडक्या आणि गजांवरच्या तैलरंगात शिसे त्याहून बरेच अधिक असू शकते. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. म्हणून वॉटर पेपर, म्हणजे भिजवून वापरायचा पॉलिश पेपर घ्यावा, पृष्ठभाग ओला ठेवून घासावा, मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, आणि नंतर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. आळीत वॉटर पेपरचा ताव किरकोळ किमतीत मिळतो. तोंडाला बांधायची कापडी पट्टी मात्र या धुळीला पुरत नाही. सूक्ष्म कण अडवणारा मुखवटाच वापरावा.

भोके-चिरा भरून भिंत सपाट करायची पुट्टी दोन जातींची मिळते. पांढऱ्या सिमेंटची भुकटी स्वस्त पडते, ओलाव्याला बऱ्यापैकी टिकते, परंतु पाण्यात कालवल्यावर दोन-तीन तासांत संपवावी लागते. डब्यातली तयार ॲक्रिलिक पुट्टी लावायला सोपी, पण महाग आणि केवळ आतल्या भिंतींसाठी. हौशी माणसाने खिळ्यांची भोके आणि बारीक चिरा भरण्यापुरता तयार पुट्टीचा एक किलोचा डबा घ्यावा आणि मोठा भाग सपाट करायचा असेल तरच भुकटीच्या वाटेला जावे, असे माझे मत आहे. खोल भोक एकदम भरू नये, कारण वाळताना पुट्टी आकसते आणि मधोमध चीर पडते. थोडी भरून वाळू द्यावी आणि मग दुसरा थर द्यावा. पत्र्याच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. मी प्रथम घेतलेला स्वस्त पत्रा जाड आणि ताठ होता, त्यामुळे प्रत्येक ओढीमागे कडेने रेघ उमटत होती. नंतर घेतलेला पातळ, लवचीक पोलादाचा पत्रा दाबाबरोबर किंचित वाकतो आणि पुट्टी कागदासारखी पातळ पसरते. दोघांच्या किमतीत चहाच्या दोन कपांइतकाही फरक नव्हता. पुट्टी वाळल्यावर १८० नंबरच्या पेपरने घासावी आणि भरलेल्या जागांवर प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, एक हात द्यावा. हा हात वाचवला, तर पुट्टी रंगातले पाणी शोषून घेते आणि दिवाळीच्या दिव्यात भिंतीवरचा प्रत्येक डाग मोजता येतो.

रंग किती लागेल याचा हिशेब सोपा आहे, पण दुकानदारावर सोडला की डबा हमखास एक माप मोठा येतो. दहा बाय बाराची आणि दहा फूट उंचीची खोली धरली, तर चार भिंतींचे क्षेत्र ४४० चौरस फूट होते. दार आणि खिडकी वजा जाता चारशेच्या आसपास उरते. लिटरमागे किती भिंत रंगेल याचा डब्यावर छापलेला आकडा नितळ, नव्या भिंतीचा असतो. जुन्या भिंतीला दोन हातांसाठी लिटरमागे शंभर चौरस फूट धरले, तर चार लिटरचा एक डबा खोलीला पुरतो. यंत्रावर मिसळून घेतलेली छटा परत घेतली जात नाही, म्हणून आधी एक लिटर किंवा त्याहून लहान डबा घेऊन भिंतीवर दोन फूट लांबीचा पट्टा मारून पाहावा आणि तो सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात पाहून मगच मोठा डबा मागवावा. छटेचा क्रमांक लिहिलेली झाकणावरची चिठ्ठी काढून जपून ठेवावी. दोन डबे लागणार असतील तर ते एकाच वेळी घ्यावेत आणि मोठ्या बादलीत एकत्र करावेत.

साध्या प्रतीचे इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) आणि महागडे धुण्याजोगे इमल्शन, असे दोन्ही प्रकार मी वापरले आहेत. बैठकीच्या खोलीला साधे इमल्शन पुरेसे आहे. उलट त्याच्या निस्तेज पोतामुळे जुन्या भिंतीतले उंचसखलपण झाकले जाते, तर चकाकणारा रंग तेच उंचसखलपण उजेडात आणून ठेवतो. स्वयंपाकघर आणि मुलांची खोली येथे मात्र धुण्याजोग्या रंगाला जादा पैसे मोजणे योग्य आहे. डिस्टेंपर हा जुना स्वस्त रंग आजही मिळतो आणि त्याची किंमत मोह पाडते, परंतु ओले फडके फिरवले की भिंत फिकट होते. भाड्याने द्यायची खोली सोडली तर त्याची शिफारस मी करणार नाही. जुन्या घरातली भिंत चुन्याची असेल, तर चुना पुरता खरवडल्याशिवाय तिच्यावर इमल्शन लावूच नये, कारण रंग चुन्याला धरतो आणि चुना भिंतीला सोडतो.

लावण्याच्या कृतीविषयी इतकेच सांगतो. कडा आणि कोपरे दोन इंची ब्रशने आधी काढून घ्याव्यात आणि त्या सुकण्याआधी रोलर त्यांना येऊन मिळाला पाहिजे. एक भिंत सुरू केली की ती संपेपर्यंत फोन उचलू नये. पंखा बंद ठेवावा, कारण वाऱ्याने ओली कड लवकर सुकते आणि जोडाची पट्टी कायमची दिसत राहते. आळीतले नऊ इंची रोलर स्वस्त आहेत. त्यांचे केस पहिल्या वापरात गळतात, पण रोलरला आधी कागदी चिकटपट्टी गुंडाळून ओढली की सुटे केस निघून येतात. ब्रश मात्र चांगला घ्यावा. खिडकीच्या चौकटीवर वाळलेल्या रंगात रुतून बसलेला एक केस काढायला जो वेळ जातो, त्यापुढे ब्रशच्या किमतीतली बचत काहीच नाही.

आता दुसऱ्या वाटेवरच्या वस्तूंकडे. एका संकेतस्थळावरून मागवलेल्या फोमच्या विटांच्या पट्ट्या छायाचित्रात फारच देखण्या दिसत होत्या आणि भिंतीवर लावल्यावर पहिले काही आठवडे पाहुण्यांनी त्यांचे कौतुकही केले. जुलै उजाडला तसे कोपरे सुटू लागले. एक पट्टी ओढून काढली तर तिच्याबरोबर रंग आणि पुट्टी यांचा तळहाताएवढा खवला आला आणि मागे काळ्या बुरशीचे ठिपके दिसले, कारण फोममुळे भिंतीचा श्वास बंद झाला होता आणि ओल बाहेर पडायला जागा उरली नव्हती. विक्रेत्याने ‘पृष्ठभाग योग्य नव्हता’ असे ठरावीक उत्तर पाठवून परतावा नाकारला. याहून गंभीर बाब अशी की हा फोम पेट घेतो, आणि काही विक्रेते तो शेगडीच्या मागे लावलेला दाखवतात. शेगडीजवळ त्याला मुळीच थारा देऊ नये. संगमरवराची नक्षी असलेले प्लास्टिकचे चिकट कागदही ओट्यामागे मी लावून पाहिले; फोडणीची वाफ आणि तेल जोडांतून आत शिरते, कडा काळवंडतात आणि आधणाच्या भांड्याजवळचा भाग सुरकुततो. हेच कागद कपाटांच्या आतल्या फळ्यांना आणि खणांना मात्र उत्तम आहेत. तेथे उष्णता नाही, वाफ नाही, आणि महिन्याने एकदा पुसून घेतले की काम भागते.

ओट्यामागच्या टाइल्सवर कागद चिकटवण्यापेक्षा त्यांच्या सांध्यांवर मेहनत घेतली असती तर पैसे वाचले असते, हे नंतर सांधे भरले तेव्हा कळले. टाइल्स बहुधा सुस्थितीत असतात. जुनाट दिसतात ते त्यांचे काळे पडलेले सांधे. करवतीच्या जुन्या पात्याने सांधा दोन-तीन मिलिमीटर कोरून काढायचा, धूळ ब्रशने झाडायची आणि नवे ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा लेप, भरायचे, एवढेच हे काम. सिमेंटचे ग्राउट भरायला सोपे आहे. इपॉक्सी ग्राउट महाग असते, त्याचे घटक सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे लागतात आणि ते पाहता पाहता घट्ट होते, म्हणून एका वेळी वाटीभरच कालवावे आणि टाइलवर सांडलेले लगेच ओल्या स्पंजने पुसावे, नाहीतर ते तेथेच कायमचे राहते. पण इपॉक्सी हळद आणि तेल शोषत नाही, त्यामुळे शेगडीमागच्या भिंतीला तेच वापरावे. सांधे पांढरे करण्यासाठी ॲसिड ओतण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. ॲसिड सिमेंट विरघळवते, टाइल्सची फट वाढवते, आणि चुकून ब्लीचिंग पावडरशी मिसळले तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बंद स्नानगृहात हा खेळ जिवावर बेतू शकतो.

लाकूड आणि लोखंड यांच्याबाबत समाधान अधिक मिळाले. आजीच्या काळातल्या सागवानी टेबलाला फ्रेंच पॉलिश करण्यासाठी लागणारे लाखेचे दाणे आणि स्पिरिट आळीच्या परिसरातच मिळाले. दाणे स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळू द्यायचे, गाळून घ्यायचे, आणि मऊ सुती कापडाच्या बोळ्याने अगदी पातळ हात देत जायचे. पहिल्या दोन-तीन हातांत काहीच घडत नाही असे वाटते. मग अचानक लाकडाचे रेषांकन वर येते आणि त्यावरून हात काढवत नाही. हे काम पावसाळ्यात करू नये, कारण दमट हवेत पॉलिशवर पांढुरका थर धरतो. गरम चहाचा कपही या पॉलिशवर गोल डाग उमटवतो, हा त्याचा खरा दोष. जेवणाच्या टेबलाला म्हणूनच ते योग्य नाही. लोखंडी कपाटासाठी गंज घासून काढणे, रेड ऑक्साइड प्रायमरचा हात आणि त्यावर इनॅमल हा चकचकीत तैलरंग, हा जुनाच क्रम आजही पुरतो. फवाऱ्याचे डबे सोयीचे वाटतात, पण अख्ख्या कपाटाला ते इतके लागतात की ब्रशने काम करणेच परवडते.

कापडात फारसा खर्च झाला नाही. साडेपाच मीटरच्या जुन्या सुती साडीतून सात फुटी दाराचे दोन पडदे दुमडपट्टीसह आरामात निघतात, आणि काठ खालच्या बाजूला घेतला तर शिवणकामातली कसूर त्यात झाकते. खणाच्या कापडाच्या उशा आता जागोजागी महाग विकल्या जातात. तोच खण मीटरवर आणून शेजारच्या शिंपीदादांकडून शिवून घेतला, तर निम्म्याहून कमी पैशांत काम होते. दिव्यांच्या बाबतीत बैठकीच्या खोलीतला ६५०० केल्व्हिनचा (हे उजेडाच्या छटेचे माप खोक्यावर असते) पांढराफटक दिवा काढून २७०० किंवा ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा लावणे एवढेच सुचवीन. भिंतीचा रंग ठरवण्याच्या आधी हा बदल करावा, कारण दिवा बदलला की छटाही बदलते. विजेचे सामान आळीत शोधत बसण्यापेक्षा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जावे, आणि फळ्या मापाने कापून हव्या असतील तर भवानी पेठेतला टिंबर मार्केट गाठावा.

एका खोलीच्या भिंतींचा खर्च, ब्रश-रोलरसह, तीन हजारांच्या आतबाहेर आला. पुढच्या खोलीला तीच हत्यारे वापरल्याने तो आणखी उतरला. आळीच्या सेवेत उणिवा आहेतच. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, काही दुकाने किरकोळ गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवतात, वस्तूंवर उत्पादकाचे नाव नसते आणि बारीक स्क्रूंचा दर्जा पाकिटागणिक बदलतो. दुपारी जाऊ नये, शनिवारी संध्याकाळी तर नकोच; सकाळी दुकाने उघडताच गेले तर माणसे बोलायला मोकळी असतात. न वापरलेल्या मुठी आणि बिजागऱ्या बिल दाखवल्यावर बदलून मिळाल्या, फोडलेले पाकीट मात्र कोणी परत घेतले नाही, आणि ते रास्तही आहे.

स्नानगृहाच्या छताला मी हात लावलेला नाही. तेथली ओल वरच्या घरातल्या न्हाणीच्या सांध्यांतून येते आहे. ते सांधे वरून भरले जाऊन छत पूर्ण वाळेपर्यंत खालून पुट्टी आणि रंग लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, म्हणून सध्या सोसायटीला अर्ज दिला आहे.